पाच लाखांचे कार्ड, तरी बिल का?

घरात आजारपण आले की कपाटातली प्लास्टिकची पिशवी बाहेर निघते. तिच्यात रेशनकार्ड, आधार, पेन्शनचे कागद, जुने रिपोर्ट आणि अलीकडे एखादे आयुष्मान कार्डही असते. ‘पाच लाखांपर्यंत मोफत उपचार’ हे वाक्य एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहे. तरीही डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर पैसे मोजावे लागलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. कुणाला सांगितलेले असते, ‘हे हॉस्पिटल योजनेत नाही.’ कुणाला, ‘हा आजार योजनेत बसत नाही.’ कुणाला, ‘कार्ड आहे हे आधीच बोलायचं होतंत.’ आणि शेजारच्याच घरातल्या आजोबांची अँजिओप्लास्टी मात्र एक रुपया न देता झालेली असते. कार्ड तेच, सरकार तेच. मग एकाला मिळते, दुसऱ्याला नाही, हे कसे?

अशा वेळी आपण नशिबाला किंवा ‘ओळखी’ला जबाबदार धरतो. खरे कारण बहुतेक वेळा योजनेच्या रचनेत असते. सरकारी आरोग्य विमा हा सरकारने रुग्णालयाशी ठरावीक उपचारांसाठी, ठरावीक दरात केलेला करार आहे. त्या कराराचा लाभ घेण्याचा हक्क कार्डामुळे मिळतो. एवढे ध्यानात आले की कोणत्या वयात कोणती योजना, कोणते कार्ड कुठे दाखवायचे आणि हातचे काय सोडायचे नाही, हे कळायला अवघड जात नाही.

म्हातारपणाचा हप्ता कोण भरणार?

विम्याचे गणित साधे आहे. पुष्कळ माणसे दरवर्षी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी जमा करतात. त्यांतल्या काहींना मोठे आजारपण येते आणि जमलेल्या पैशांतून त्यांचा खर्च भागतो. आजारी कोण पडणार हे आधी ठाऊक नसते, म्हणून सगळेच हप्ता भरतात.

वय वाढते तसे हे गणित बिघडत जाते. पंचविशीतल्या हजार माणसांपेक्षा पंचाहत्तरीतल्या हजारांत रुग्णालयात दाखल होणारे कितीतरी जास्त असतात आणि त्यांचा मुक्कामही लांबतो. मग खासगी कंपनी हप्ता चढा ठेवते, नाहीतर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार काही काळ पॉलिसीबाहेर ठेवते. या थांबण्याला प्रतीक्षा काळ म्हणतात. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असू शके. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवा, असेही कंपन्यांना बजावले. पण बाजारात पॉलिसी असणे वेगळे आणि महिन्याच्या पेन्शनमधून तिचा हप्ता झेपणे वेगळे. शिवाय बहात्तर वर्षांच्या माणसाला ‘तुमच्या हृदयाचे तीन वर्षांनी बघू’ असे सांगण्यात फारसा अर्थ नसतो.

म्हणून इथे सरकार उतरते. हप्ता माणसाकडून न घेता कराच्या पैशांतून भरला जातो. आयुष्मान भारत योजनेत बहुतेक राज्यांत हा भार केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतला जातो. काही ठिकाणी मध्ये विमा कंपनी असते, काही ठिकाणी राज्याची संस्था रुग्णालयांना थेट पैसे देते. या दुसऱ्या पद्धतीला ‘हमी’ म्हणतात. महाराष्ट्रात योजना चालवणाऱ्या संस्थेचे नावच ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ आहे. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. सर्वांत मोठा फायदा असा की प्रतीक्षा काळ नाही. जुना मधुमेह असो की आधी बसवलेला स्टेंट, पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते.

कार्ड म्हणजे एसटीची सवलत

महाराष्ट्रात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. आजी आधार कार्ड दाखवून कोल्हापूरला जाऊन येतात. पण त्याच आजी खासगी ट्रॅव्हल्सने गेल्या आणि ते तिकीट आगारात नेऊन ‘आता याचे पैसे द्या’ म्हणाल्या, तर कुणी देणार नाही. सवलत एसटीत बसण्याची आहे, रोख रकमेची नाही.

आरोग्य कार्डाचेही तसेच आहे. ‘पाच लाख’ ही वर्षभराच्या उपचारांची कमाल मर्यादा आहे. ती खात्यातली शिल्लक नव्हे. ती वापरायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, रुग्णालय योजनेशी करार केलेले हवे. सरकारी भाषेत त्याला ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात. सगळी खासगी रुग्णालये अंगीकृत नसतात, कारण योजनेचे दर त्यांच्या नेहमीच्या दरांपेक्षा कमी असतात आणि पैसे हाती यायला वेळ लागतो अशी त्यांची तक्रार असते. काही रुग्णालये सामील होतात, पण मोजक्याच विभागांसाठी. हृदयरोग विभाग योजनेत आणि हाडांचा विभाग बाहेर, असे होऊ शकते. म्हणून ‘तुमचे हॉस्पिटल योजनेत आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘या आजारासाठी तुमच्याकडे योजना चालते का?’ असे विचारावे.

दुसरी, उपचार यादीत हवा. आयुष्मान भारताच्या यादीत २७ वैद्यकीय शाखांतले सुमारे १,९६१ उपचार आहेत. प्रत्येकाचा एक ठोक दर ठरलेला आहे; त्याला पॅकेज म्हणतात. खाटेचे भाडे, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांची फी, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रियेचे साहित्य, रुग्णाचे जेवण हे सगळे त्या एका दरात धरलेले असते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या संबंधित तपासण्या व औषधेही त्यातच येतात. त्यामुळे पॅकेजखाली दाखल झालेल्या रुग्णाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणे किंवा ‘वरचे थोडे तुम्ही भरा’ म्हणणे नियमाला धरून नाही.

पैसे थेट रुग्णालयाला मिळतात, रुग्णाच्या हाती कधीच येत नाहीत. खासगी मेडिक्लेममध्ये आधी बिल भरून मागाहून क्लेम करता येतो. आयुष्मान किंवा महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले योजनेत ‘आत्ता भरू, नंतर कागद देऊन परत घेऊ’ हा हिशेब चालत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे: ज्यांनी रोखीने उपचार सुरू केले आणि चौथ्या दिवशी कार्ड काढले, त्यांचीच गाडी बहुधा अडते.

आरोग्यमित्राच्या टेबलापाशी

अंगीकृत रुग्णालयात शिरल्यावर, बहुधा केसपेपरच्या खिडकीच्या आसपास, योजनेचा फलक आणि एक टेबल दिसते. तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्रात आरोग्यमित्र म्हणतात. रुग्ण दाखल होत असतानाच घरातल्या कुणीतरी या टेबलापाशी जावे. पुढचा सगळा प्रवास इथून सुरू होतो.

आधी ओळख पटवली जाते. इथे म्हाताऱ्या माणसांची एक अडचण हमखास निघते. जन्मभर शेतात राबलेल्या किंवा धुण्याभांड्यांत गेलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला, पुसून ठेवला, दुसरे बोट ठेवले, तरी दिवा लाल तो लालच. अशा वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी, चेहरा किंवा डोळ्यांतील बुबुळ यांवरून ओळख पटवण्याची सोय असते. पण ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक पुष्कळदा केव्हाच बंद पडलेल्या सिमचा असतो. दवाखान्याच्या धावपळीत हे सुधारत नाही. आधार केंद्रावर जाऊन क्रमांक आणि नावाचे स्पेलिंग आधीच नीट करून घ्यावे.

नंतर डॉक्टर निदान करतात, रिपोर्ट पाहतात आणि कोणते पॅकेज लागू होते ते ठरवतात. रुग्णालय ही माहिती, तपासण्यांचे अहवाल आणि कागद ऑनलाइन पाठवते. पलीकडे योजनेचे डॉक्टर ते तपासून मंजुरी देतात. याला पूर्वपरवानगी म्हणतात. रुग्णालयात तिचे नाव ‘अप्रूव्हल’ किंवा ‘प्री-ऑथ’. एखादा रिपोर्ट कमी असला किंवा निदान आणि पॅकेज जुळत नसले, की शंका विचारली जाते. ‘क्वेरी आलीय’ असे कानावर आले म्हणजे नकार आला असे समजून घाबरू नये. कोणता कागद हवा आहे ते विचारून तो द्यावा.

जीवावरचा प्रसंग असेल तर परवानगीची वाट पाहत बसायचे नसते. तातडीच्या रुग्णाची फोनवरून नोंद करून उपचार सुरू करता येतात. मात्र रुग्ण योजनेत आहे हे दाखल करतानाच सांगितलेले हवे.

आणखी एक जागा जपायची. पॅकेज साधारणपणे जनरल वॉर्डसाठी असते. ‘वडिलांना स्वतंत्र खोली द्या’ असा आग्रह धरण्यापूर्वी त्याने योजनेचा लाभ जातो का, हे आरोग्यमित्राला स्पष्ट विचारावे. पुष्कळ बिले या एका खोलीपायी उभी राहतात.

सत्तरी ओलांडली की

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली, तेव्हा ती गरीब आणि वंचित कुटुंबांसाठी होती. यादीत नाव असेल तरच लाभ. निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, बँकेतले कारकून अशी मधली माणसे बाहेर राहिली. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता योजनेत घेण्याचे ठरवले आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीला, त्याची सुरुवात झाली. त्यावेळच्या सरकारी अंदाजानुसार साडेचार कोटी कुटुंबांतले सहा कोटी ज्येष्ठ या कक्षेत येतात. त्यांना मिळणाऱ्या कार्डाचे नाव ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’.

घर पक्के आहे का, पेन्शन किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, यांतले काहीही इथे विचारले जात नाही. आधारवरच्या जन्मतारखेनुसार ७० पूर्ण असणे ही एकच अट. नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या करता येते, किंवा अंगीकृत रुग्णालयात, सेवा केंद्रात जाऊन.

पाच लाखांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. पती आणि पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर पाच लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. कुटुंब आधीपासून आयुष्मानच्या जुन्या यादीत असेल, तर सत्तरीपुढच्यांसाठी आणखी पाच लाख वेगळे मिळतात आणि त्यांत घरातल्या तरुणांचा वाटा नसतो. नातवाच्या शस्त्रक्रियेत जुनी मर्यादा संपली, तरी आजोबांची शाबूत राहते.

कार्ड राज्याबाहेरही उपयोगी पडते. सुरतेला मुलाकडे राहायला गेलेल्या आईला तिथल्या अंगीकृत रुग्णालयात ते दाखवता येते. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने देशभर विखुरलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी ही सोय मोलाची आहे.

सत्तरीच्या आत: महाराष्ट्र आणि गोवा

साठीत निवृत्त झालेल्याला सत्तरीपर्यंत दहा वर्षे काढायची असतात. इथे राज्याची योजना कामी येते.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. बरीच वर्षे ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने चित्र पालटले. मर्यादा वर्षाला प्रति कुटुंब पाच लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातली सगळी कुटुंबे पात्र ठरली. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. हा विस्तार १ जुलै २०२४ पासून अमलात आला. ‘आमचे पांढरे कार्ड, आम्हाला काही नाही’ ही समजूत अजून घरोघरी टिकून आहे; ती आता चुकीची आहे. उपचारांची यादी आधी १,३५६ होती, २०२५ मध्ये ती २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. कर्नाटकातल्या सीमाभागातील ८६५ मराठी गावांनाही या योजनेत घेतले आहे.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून चालू आहे. किमान पाच वर्षे राज्यात राहिलेल्या कुटुंबाला तिचे कार्ड मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण असते.

नोकरीमुळे आलेला हक्क

निवृत्ती कुठून झाली यावर आणखी काही दारे उघडतात. ती जास्त रुंद असतात, कारण त्यांत बहुधा रोजची औषधेही येतात.

*केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी.* यांच्यासाठी १९५४ पासून चालत आलेली केंद्रीय सरकारी आरोग्य योजना, म्हणजेच ‘सीजीएचएस’. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिचे दवाखाने आहेत. वर्गणी वेतनस्तरानुसार महिन्याला २५० ते १,००० रुपये; दहा वर्षांची रक्कम एकदम भरली तर कार्ड आयुष्यभराचे होते. दवाखान्यातून रक्तदाब-मधुमेहाची औषधे मिळतात आणि पेन्शनरांना पॅनलवरच्या रुग्णालयात कॅशलेस उपचार घेता येतात. योजनेचा दवाखाना नसलेल्या भागात राहणाऱ्या पेन्शनरला बाह्यरुग्ण खर्चासाठी महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो.

*माजी सैनिक.* साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत घरटी एक फौजी असलेली गावे आहेत. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००३ पासून ‘ईसीएचएस’ आहे. हुद्द्यानुसार ३०,००० ते १,२०,००० रुपये एकदाच भरायचे. नंतर पेन्शनधारक, पत्नी आणि पात्र अवलंबित यांना पॉलिक्लिनिकमधून औषधोपचार आणि तिथल्या चिठ्ठीने पुढच्या रुग्णालयात उपचार मिळतात.

*रेल्वे.* निवृत्तांसाठी स्वतंत्र योजना आहे. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून तिचे सदस्यत्व घेतले जाते, आणि रेल्वेच्या रुग्णालयांत ‘उमीद’ कार्ड चालते.

*कारखाने आणि खासगी नोकरी.* ‘ईएसआय’ म्हणजे कामगार राज्य विमा. पगार मर्यादेत असेपर्यंतच ते चालते अशी सार्वत्रिक समजूत आहे. पण किमान पाच वर्षे या विम्याखाली नोकरी करून नियत वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. ‘वर्षाला १२०’ हे छापण्यातली चूक वाटेल इतके कमी आहे, पण खरे आहे. कंपनी सोडताना हे कुणी आवर्जून सांगत नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः अर्ज करावा लागतो.

नियम मात्र सगळ्यांना सारखा नाही. ईएसआय किंवा खासगी पॉलिसी असली तरी सत्तरीनंतर वय वंदना कार्ड वेगळे घेता येते. सीजीएचएस आणि ईसीएचएसच्या लाभधारकांना मात्र आपली योजना किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावी लागते. ‘सगळेच काढतात म्हणून आपणही’ असे करून सीजीएचएसवर पाणी सोडू नये. आयुष्मानमध्ये रोजची औषधे मिळत नाहीत, आणि म्हातारपणी दर महिन्याला खिसा रिकामा होतो तो औषधांनीच.

एक घर, दोन वये

एक नमुना घेऊ. सांगलीतले एक जोडपे. आजोबा ७३ वर्षांचे, एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त. पीएफची तुटपुंजी पेन्शन. आजी ६६ वर्षांच्या. रेशनकार्ड पांढरे.

आजोबांसाठी वय वंदना कार्ड. आजी सत्तरीच्या आत असल्याने त्या कार्डावर येत नाहीत. त्यांना रेशनकार्डावर महात्मा फुले योजना. दोघांची रुग्णालये आणि उपचारांच्या याद्या वेगळ्या असू शकतात, म्हणून चौकशी दोघांसाठी वेगवेगळी करायची. आजोबांचा कारखाना ईएसआयखाली असेल आणि पाच वर्षे भरत असतील, तर १२० रुपयांत दोघांनाही बाह्यरुग्ण उपचार आणि औषधांची वाट खुली होते. चार वर्षांनी आजी सत्तरीच्या झाल्या की त्यांची नोंद वय वंदनेत करायची आणि पाच लाख दोघांत वाटले जाणार हे गृहीत धरायचे.

हेच आजोबा टपाल खात्यातून निवृत्त झाले असते, तर उत्तर उलटे आले असते: सीजीएचएस ठेवा, कारण आजींनाही तिच्याच आधारे औषधोपचार मिळतात. घर तेच, वय तेच, पण निवृत्तीचे पत्र कोणत्या खात्याचे यावर निवड फिरते. शेजाऱ्याने केले ते आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळे.

पाच लाखांत काय बसत नाही

आयुष्मान आणि महात्मा फुले या दोन्ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, खुब्याचे फ्रॅक्चर, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांना त्या मोठा आधार देतात. पण दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवणे, महिन्याची गोळ्यांची पाकिटे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, घरी ठेवलेली नर्स किंवा सांभाळणारी बाई, हे त्यांत येत नाही.

या फटी दुसरीकडून थोड्या बुजवता येतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जनऔषधी केंद्रात रक्तदाब-मधुमेहाची जेनेरिक औषधे ब्रँडेडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात; फक्त डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात.

रुग्णालय योजनेत नसले, पण धर्मादाय ट्रस्टचे असले, तरी एक मार्ग उरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या व्यवस्थेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या ठेवायच्या असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे लागते.

मग खासगी पॉलिसी बंद करावी का?

वय वंदना कार्ड आले म्हणून वर्षानुवर्षे चालवलेली मेडिक्लेम घाईने सोडू नये. जुन्या पॉलिसीत प्रतीक्षा काळ संपलेला असतो. एकदा सोडली की नव्याने घेताना तो पुन्हा मागे लागतो. तुमच्या गावात योजनेतले चांगले रुग्णालय आहे का, ते पाहून ठरवावे. असेल आणि हप्ता झेपत नसेल, तर रक्कम कमी करून पॉलिसी चालू ठेवण्याचा पर्याय कंपनीला विचारावा. इर्डाईने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटीही शून्य झाला आहे. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांच्या हप्त्यावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पॉलिसीच नसेल तर वैद्यकीय खर्चही त्यात धरता येतो.

चौकट: दाखल होण्यापूर्वी

- वय ७० पूर्ण: आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही.
- वय ७० च्या आत, महाराष्ट्रात: रेशनकार्ड (कोणत्याही रंगाचे) किंवा अधिवास प्रमाणपत्रावर महात्मा फुले योजना.
- केंद्र सरकार, सैन्य, रेल्वे: आधी आपली योजना पाहा. सीजीएचएस किंवा ईसीएचएस सोडण्यापूर्वी औषधांचा हिशेब करा.
- ईएसआयखाली पाच वर्षे काढून निवृत्त: वर्षाला १२० रुपये, शाखा कार्यालयात अर्ज.
- आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक आजच तपासा.
- रुग्णालयाला विचारा: ‘या आजारासाठी योजना चालते का?’
- दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा. पॅकेजखाली पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा.
- फोन: आयुष्मान भारत १४५५५, महात्मा फुले योजना १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, ज्येष्ठांसाठी मदत १४५६७.

या यादीतले बहुतेक काम आजारपण नसताना करायचे आहे. एखाद्या रविवारी घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या नावापुढे त्याची योजना, कार्डाचा क्रमांक आणि त्याच्या नेहमीच्या दुखण्यासाठी योजना चालवणारी जवळची दोन रुग्णालये लिहून तो कागद फोनजवळ लावावा. रुग्णालयांची नावे दर सहा महिन्यांनी हेल्पलाइनवर पडताळून घ्यावीत, कारण करार सुरू होतात तसे संपतातही. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर रिक्षा कोणत्या दिशेला वळवायची हे त्या कागदावरून घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता यायला हवे.